नगरच्या मातींतली हिरवळ

पुण्याहून नगरास जातांना शिरूर मागें पडून घोड नदीचा पूल ओलांडला, कीं भूमीचा रंग पालटूं लागतो. सह्याद्रीच्या पायथ्याची ओल मागें राहते आणि सुप्याच्या पुढें दोन्ही अंगांस उघडे माळ, मुरमाच्या टेकड्या नि मधूनच एखादी बाजरीची पट्टी दिसूं लागते. महाराष्ट्रांत विस्तारानें सर्वांत मोठा असा हा जिल्हा. पश्चिमेस अकोल्याच्या डोंगरांत पाऊस धो धो कोसळतो आणि पूर्वेस कर्जत-जामखेडकडे तोच पाऊस तोंडदेखला येऊन जातो. २०२४ सालीं सरकारनें जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर केलें, आणि ज्या चोंडी गांवीं अहिल्याबाईंचा जन्म झाला तें गांव याच जिल्ह्यांत असल्यानें तें नांव शोभतेंहि. तथापि आमच्या तोंडीं लहानपणापासून बसलेलें 'नगर' अजून जात नाहीं, हें आधींच कबूल करतों.

गेल्या ज्येष्ठांत आम्ही याच वाटेनें नगरास गेलों, तें तीर्थयात्रेसाठीं नव्हे कीं लग्नकार्यासाठींहि नव्हे. आमच्या वडिलोपार्जित घराच्या अंगणांतलें गवत वाळलें होतें, आणि तेवढ्यावरून घरांत अबोला शिरला होता. वाचकांस हें कारण क्षुल्लक वाटेल. परंतु एकत्र कुटुंबांत ज्यांनीं आयुष्य काढलें आहे, त्यांना ठाऊक आहे कीं मोठीं भांडणें बहुधा अशाच बारीक काड्यांवर पेटतात.

हकीकत अशी. आमच्या काकू ब्याऐंशी वर्षांच्या. आदल्या दिवाळींत अंगणाच्या शहाबादी फरशीवरून पाय घसरून त्या पडल्या आणि खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया चांगली झाली. डॉक्टरांनीं सांगितलें, रोज चालायला पाहिजे. पण काकूंच्या मनानें फरशीची धास्ती घेतली. पाऊल टाकावयाचें म्हटलें कीं भिंत धरून उभ्या राहात. तेव्हां आमचे थोरले बंधु, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतों, त्यांनीं बेत केला कीं फरशी उखडून अंगणांत हिरवळ करावी. म्हणजे पडण्याचें भय नाहीं आणि पायांखालीं मऊहि लागेल. दादा सेवानिवृत्त अभियंते. मनांत आलें कीं कागदावर आंकडे मांडून कामास लागणारे. माघांत त्यांनीं सहाशें चौरस फूट जागेवर एका रोपवाटिकेंतून तयार गवताचे गालिचे आणवून अंथरले. त्या रोपवाटिकेचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तिच्या माणसानें जातांना उपदेश केला, "रोज पाणी घाला आणि पिवळें दिसलें कीं युरिया टाका. बाकी कांहीं लागत नाहीं."

पहिले पंधरा दिवस अंगण पाचूसारखें दिसलें. काकू वहिनींचा हात धरून दोन फेऱ्या मारूं लागल्या. पुढें कोंवळीं पातीं पिवळीं पडूं लागलीं. दादांनीं युरिया टाकला. किंचित् हिरवेपणा आला आणि आठवड्यांत पुन्हां पिवळेपणा. पुन्हां युरिया, या खेपेस अधिक. चैत्रांत तर त्यांनीं दर शंभर चौरस फुटांस जवळजवळ एक किलो टाकला. त्यांच्या वहींत तशी नोंदच आहे. तिसऱ्या दिवशीं सारें गवत पेंढ्यासारखें झालें. धाकटे बंधु भाऊ यांना हा सारा उपद्व्याप पहिल्यापासून पसंत नव्हता. ते म्हणाले, "हिवरे बाजारचे लोक गांवाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून कोणतें पीक घ्यावयाचें तें ठरवतात, आणि आपण येथें रोज पावणेतीनशें लिटर पाणी गालिच्यावर ओततों!" दादांना तें लागलें. दोघे बोलेनासे झाले. काकू मात्र एवढेंच म्हणाल्या कीं, "माझ्यापायीं झालें हें सारें," आणि त्या दिवसापासून खोलीबाहेर येईनाशा झाल्या.

आम्ही पोंचलों त्या दिवशीं अंगणांत उभे राहून पाहिलें, तों एक गोष्ट डोळ्यांत भरली. सहाशें फूट गवत करपून गेलें होतें. परंतु न्हाणीच्या मोरीजवळ, तुळशीवृंदावनाच्या पलीकडे, काकूंनीं चाळीस वर्षांपूर्वीं लावलेला दूर्वांचा वाफा मात्र हिरवागार होता. त्याला कोणी युरिया घातला नव्हता. दूर्वा म्हणजे तरी काय? शेतकरी जिला हरळी म्हणून शिव्या देत खणून काढतो तीच. जगांतल्या पुष्कळशा उष्ण देशांत खेळाच्या मैदानांवर जें गवत लावतात, तें याच हरळीच्या जातकुळीचें असतें. मग एकाच अंगणांत एक भाऊबंद जगला आणि दुसरा मेला, हें कसें?

पुतण्यांना सुटी होती. त्यांना घेऊन संध्याकाळीं फराहबाग पाहण्यास गेलों. निजामशाहींतला हा महाल सोळाव्या शतकांतला, एका विस्तीर्ण तलावाच्या मधोमध बांधलेला. आज तलाव कोरडा आहे आणि त्याच्या तळाशीं झुडपें माजलीं आहेत. या कोरड्या प्रदेशांत बागा करण्याची हौस नगरला पांचशें वर्षांपूर्वींपासूनची. अहमद निजामशहानें १४९० मध्यें हें शहर वसवलें, आणि पुढें डोंगरांकडून खापरी नळांनीं पाणी आणून त्या बागा पोसल्या गेल्या. पाणी थांबलें तशा बागाहि सरल्या.

तेथून किल्ल्याच्या खंदकापाशीं आलों. किल्ला लष्कराच्या ताब्यांत आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ पर्यंत पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव प्रभृति पुढारी येथें स्थानबद्ध होते. आझादांनीं 'गुबार-ए-खातिर' मधलीं पत्रें येथेंच लिहिलीं, आणि नेहरूंनीं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'. त्या ग्रंथाच्या आरंभींच नेहरू सांगतात कीं, आपण उन्हांतसुद्धां तासन् तास फुलांचे वाफे खणीत असतों. माती फार वाईट आहे, दगडगोट्यांनीं आणि जुन्या बांधकामांच्या अवशेषांनीं भरलेली आहे. हें पुतण्यांना सांगतां सांगतां आमच्याच मनांत चमकलें कीं आमच्या अंगणाची कथा याहून निराळी नाहीं! वीस वर्षांपूर्वीं वाड्याची मागली भिंत पाडली, तेव्हां तिचा विटा-चुन्याचा सारा राडारोडा अंगणांतच पसरून वर फरशी बसवली होती. दादांनीं फरशी काढली आणि त्या राड्यावर चार बोटें तांबडी माती टाकून गवत अंथरलें. घरी येऊन कुदळीनें खणून पाहिलें. चार बोटांखालीं पांढरा चुना लागला. गवताचा एक तुकडा उचलला, तो चटई उचलावी तसा अलगद हातांत आला. मुळें खालीं गेलींच नव्हतीं.

दुसऱ्या दिवशीं मातीच्या दोन पिशव्या भरून राहुरीस निघालों. एकींत मेलेल्या गवताखालची माती, दुसरींत काकूंच्या दूर्वांची. मनमाडच्या रस्त्यानें देहरें ओलांडून पुढें गेलें, कीं मुळेच्या कालव्यांचा मुलूख लागतो. ऊंस दिसूं लागतो आणि डोळे निवतात. राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ १९६८ मध्यें स्थापन झालें. माती तपासून देण्याची सोय तेथें आहे. एका वृद्ध प्राध्यापकांची गांठ पडली. त्यांनीं अहवाल यावयाच्या आधींच मातीवर दोन थेंब आम्ल टाकलें, तों ती सोड्यासारखी फसफसली. ते हंसून म्हणाले, "येथें चुना राज्य करतो आहे. तुमच्या बंधूंनीं कितीहि युरिया घातला असता तरी व्यर्थच."

मग त्यांनीं जें समजावून सांगितलें, तें आम्ही आमच्या शब्दांत मांडतों. गवताला मुख्य अन्नें तीन: नत्र, स्फुरद आणि पालाश. नत्र पानाचें. त्यानें पातें वाढतें आणि हिरवें दिसतें. स्फुरद मुळाचें, कोंवळ्या वयांत तें मिळालें नाहीं तर मूळ खुजें राहतें. पालाश पाण्याचा हिशेब राखतो. पानांवरील सूक्ष्म छिद्रें उघडण्या-मिटण्यांत त्याचा हात असल्यामुळें ऊन आणि तहान सोसण्याचें बळ त्यानें येतें. रोपवाटिकेंत गवत वाढवतात तें मातीच्या पातळ थरावर. तेथें हातीं दिसतें तें पान, आणि गिऱ्हाईकहि पानच पाहतें. म्हणून नत्र वारंवार देऊन तें लौकर दाट करतात. त्यांत लबाडी आहे असें नव्हे. विकावयाच्या मालाची ती रीतच आहे. परंतु नत्र फाजील झालें कीं गवत आपलें सारें बळ पानांत खर्चतें आणि मुळांच्या वाट्याचें अन्न तुटतें. असें भारी पिसाऱ्याचें, आंखूड मुळांचें गवत आपल्या दारीं येतें, आणि आपणहि त्याला पुन्हां तेंच घालतों.

"मग नवीं पातीं पिवळीं कां पडलीं?" आम्हीं विचारलें. त्यावर ते म्हणाले कीं, नत्र कमी पडलें तर आधीं जुनीं, खालचीं पानें पिवळीं पडतात. कारण गवत जुन्या पानांतलें नत्र काढून नव्यांस देतें. लोहाचें तसें नाहीं. तें एकदां पानांत बसलें कीं हलत नाहीं. म्हणून लोह तुटलें कीं कोंवळें पान आधीं पिवळें होतें आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या मातींत लोह असतें, पण तें मुळांना विरघळून मिळत नाहीं. स्फुरदाचीहि तीच गत. चुना त्याला धरून बसतो. म्हणजे आमच्या गवताला भूक लागली होती लोहाची, आणि दादा ताटांत वाढीत होते नत्र! शेवटच्या किलोभर युरियानें तर मातींत क्षारांचें प्रमाण इतकें वाढलें, कीं मुळांनीं पाणी शोषून घेण्याऐवजीं त्यांच्यांतलेंच पाणी बाहेर ओढलें गेलें. लोणच्याच्या बरणींत मीठ घातल्यावर कैरीला पाणी सुटतें, तोच प्रकार.

आठवड्यानें अहवाल आला. मेलेल्या गवताखालच्या मातीचा सामू ८.६, मुक्त चुना भरमसाट, सेंद्रिय कर्ब अगदीं कमी. दूर्वांच्या मातींतहि चुना होताच. पण चाळीस वर्षें तेथें रोज थोडें पाणी, तुळशीचा पालापाचोळा आणि निर्माल्य पडत आलें होतें. सेंद्रिय कर्ब दुपटीहून अधिक होता. शिवाय हरळी मुळांतच चिवट. खारवट, चुनखडीच्या जमिनींत तग धरण्याची तिची ख्याति आहे.

येथें इंग्लंडमधल्या एका जुन्या प्रयोगाची आठवण होते. रोथॅमस्टेड येथें १८५६ मध्यें लॉझ आणि गिल्बर्ट यांनीं एका गवताळ कुरणाचे तुकडे पाडून प्रत्येकास वर्षानुवर्षें निरनिराळें खत घालावयास आरंभ केला. थोड्याच वर्षांत शेजारशेजारचे तुकडे इतके भिन्न दिसूं लागले कीं जणूं प्रत्येकांत वेगळें बी पेरलें असावें. अमोनियाचें नत्र घातलेले तुकडे आंबट होत गेले, आणि त्यांना पुढें चुना द्यावा लागला. तो प्रयोग अद्याप चालू आहे. तेथें चुना औषध, येथें तोच रोग! परमुलखांतला खताचा पाठ आपल्या अंगणांत जसाच्या तसा गिरवूं नये, हें यावरून ध्यानीं येईल.

दादांना हें पटावें कसें? आम्हीं पुतण्यांना हाताशीं धरलें. माळ्यावरून आंब्याच्या चार पेट्या काढल्या, त्यांत अंगणांतलीच चुनखडी माती भरली आणि त्याच जातीच्या गवताचे चार सारखे तुकडे आणून लावले. पहिलींत नुसतें पाणी. दुसरींत दर आठवड्यास युरिया. तिसरींत लावण्यापूर्वीं शेणखत आणि सुपर फॉस्फेट मातींत मिसळलें. चौथींत तिसरीप्रमाणेंच करून शिवाय दर पंधरवड्यास हिराकसाचें फवारणें आणि महिन्यास चिमूटभर युरिया. मुलांनीं पट्टी घेऊन मोजमाप ठेवलें. आम्ही पुण्यास परतलों. पेट्यांची बातमी मात्र दर रविवारीं कळत राहिली.

दुसऱ्या पेटींतलें गवत पहिल्या तीन आठवड्यांत सर्वांहून उंच झालें. दादा तेव्हां थोडे खुललेहि होते म्हणे. परंतु महिन्यानंतर तें पिवळें पडून आडवें झालें. पहिलें जेमतेम जिवंत राहिलें. तिसरें सावकाश पण दाट भरलें, रंग मात्र फिका. चौथें उंचींत दुसऱ्याच्या निम्म्यानेंहि नव्हतें. पण रंग गडद, आणि बोटांनीं ओढलें तर सुटेना. दोन महिन्यांनीं पेट्या उलट्या करून मुळें धुतलीं. दुसऱ्या पेटीचीं मुळें दोन बोटें. चौथीचीं पेटीच्या तळाशीं जाऊन गुंडाळलेलीं. हें भाऊंनींच दादांच्या पुढ्यांत नेऊन ठेवलें. अबोला सुटला तो असा. चार पेट्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण घरचें भांडण मिटण्यास तेवढें पुरेसें झालें.

मग श्रावणाच्या पहिल्या सरींत नव्यानें लावणी झाली. ज्या घरीं असा बेत असेल त्यांच्यासाठीं प्रमाण देतों. आधीं राडारोडा वीतभर खणून काढून टाकला. दर शंभर चौरस फुटांस चार घमेलीं कुजलेलें शेणखत आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट मातींत खोलवर मिसळलें. स्फुरद जागचें हलत नाहीं, म्हणून तें वरून फेंकून उपयोग नाहीं, मुळांच्या वाटेवरच ठेवावें लागतें. पालाश आमच्या मातींत पुरेसा निघाला. काळ्या पाषाणाच्या मातींत तो बहुधा असतोच, म्हणून अहवाल पाहिल्यावांचून विकत आणूं नये. गवताच्या तुकड्यांखालची रोपवाटिकेची माती हलक्या हातानें मोकळी करून मगच तुकडे बसवले, म्हणजे दोन थर एकजीव होतात. पहिले तीन आठवडे युरिया अजिबात नाहीं. त्यानंतर महिन्यास शंभर फुटांमागें पन्नास ग्रॅम. एका वेळीं शंभर ग्रॅमची मर्यादा कधींहि ओलांडावयाची नाहीं. तोहि पातीं कोरडीं असतांना टाकून लगेच पाणी. चुनखडीच्या जमिनीवर युरिया उघडा राहिला तर त्यांतलें नत्र अमोनिया होऊन हवेंत उडून जातें. लोहासाठीं लिटरभर पाण्यांत पांच ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळीं फवारणें. मात्र उरल्या फरशीवर तें सांडूं देऊं नये. आमच्या पायरीवर तांबेऱ्याचे डाग पडले ते अजून निघाले नाहींत, आणि वहिनींचें बोलणें आम्हांस अजून ऐकावें लागतें.

भाऊंचा पाण्याचा आक्षेप मात्र खरा होता. १९७२ च्या दुष्काळांत याच घराच्या आडांत दोर सोडला तर नुसता गाळ येई, हें काकूंच्या तोंडून आम्हीं कितीदां ऐकलें आहे. म्हणून सहाशें फुटांचीं दोनशें फूट केलीं. काकूंच्या खोलीच्या दारापासून तुळशीपर्यंत एक रुंद पट्टी. उन्हाळ्यांत तिला रोज नव्वद-पंचाण्णव लिटर पाणी लागेल असा दादांचा हिशेब आहे. तें पाणी तांदूळ-भाज्या धुतलेलें आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतून वायां जाणारें. पण यंत्राचें पाणी क्षारयुक्त असल्यामुळें तें निम्म्यानेंच मिसळावयाचें, असें भाऊंनीं ठरवलें आहे. एका वहींत आतां दोघांचीं अक्षरें दिसतात.

भाद्रपदांत गणपतीसाठीं आम्ही पुन्हां नगरास गेलों. हिरवळ पहिल्यासारखी पाचूच्या रंगाची नव्हती. किंचित् काळसर, आंखूड, थोडी खरखरीत. चतुर्थीच्या पहांटे उठून पाहतों, तों काकू एकट्याच काठी टेकीत त्या पट्टीवरून तुळशीकडे चालल्या होत्या. आम्ही धावून हात द्यावयास गेलों. त्या म्हणाल्या, "राहूं दे रे. तुम्ही पोरांनीं पहिल्या खेपेस त्या गवताला रोज श्रीखंडपुरी जेवूं घातलीत, तें काय उभें राहणार होतें? हें बघ, आतां घट्ट बसलें आहे." दूर्वांच्या वाफ्यापाशीं त्या सावकाश वांकल्या आणि एक एक अंकुर नखानें खुडून एकवीस दूर्वांची जुडी बांधूं लागल्या. दादा ओसरीवर उभे होते. ते जागचे हलले नाहींत, आणि आम्हीहि नाहीं. जुडी पुरी झाल्यावर त्या आपल्या आपण उठल्या, आणि त्याच वाटेनें परत आल्या.